बुजरेपणा, भय आणि आपले विद्यार्थी

जूनमध्ये नवे वर्ग सुरू झाले की पहिल्या तासाला मुलांनी उभे राहून स्वतःची ओळख करून द्यावी, असा शिरस्ता बहुतेक महाविद्यालयांत आहे. नवी मुंबईत मी जेथे शिकवतो तेथे दिघा, रबाळे, तुर्भे स्टोअर अशा वस्त्यांतून बरीच मुले येतात. घरातून पदवीपर्यंत पोहोचणारा पहिलाच माणूस, अशी. ओळखीची पाळी जवळ येऊ लागली की यांतला एखादा पाणी पिण्याच्या निमित्ताने बाहेर जातो, तो तास संपेपर्यंत परतत नाही. एखादी मुलगी नुसते नाव सांगते, आडनाव गिळते आणि खाली बसते. स्टाफरूममध्ये या मुलांना ‘घुमी’ म्हणतात. जरा वाचलेले प्राध्यापक ‘न्यूनगंड’ म्हणतात. दोन्ही शब्दांनी प्रश्न मिटल्यासारखा वाटतो, समजत मात्र नाही.

मानसशास्त्रात या अवस्थेला सामाजिक भय किंवा सोशल अँग्झायटी असे नाव आहे. १९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या वर्गीकरणात तिला स्वतंत्र स्थान दिले. साधा बुजरेपणा आणि हे भय एक नव्हे. बुजरा माणूस थोड्या वेळाने रुळतो. भयाने पछाडलेला चार दिवस आधीपासून धास्तावतो; वेळ आली की त्याचा घसा कोरडा पडतो, तळहात घामेजतात, छाती धडधडते; आणि प्रसंग उलटून गेल्यावर आपले काय चुकले याची उजळणी तो रात्रभर करीत राहतो. हे महिनोन्‌महिने चालले आणि त्यापायी शिक्षण, नोकरी, मैत्री अडू लागली, म्हणजे तो आजार समजावा.

हे भय टिकते कसे? डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ साली याची जी उकल मांडली ती मला उपयोगी वाटते. माणूस चारचौघांत उभा राहिला की त्याचे लक्ष समोरच्यांवरून उडते आणि स्वतःवर खिळते. मी कसा दिसतो, आवाज कापतो आहे का, हेच तो पाहत राहतो. समोरचे खरोखर काय करताहेत ते त्याला दिसतच नाही. मग तो बचावाच्या युक्त्या शोधतो. शेवटच्या बाकावर बसणे, वाक्य मनात दहादा घोकणे, नजर वहीत ठेवणे. त्याने तेवढ्यापुरता सुटकेचा श्वास मिळतो. पण ‘बोललो असतो तर काही बिघडले नसते’ हे कळण्याची संधी हुकते. प्रत्येक माघारीबरोबर भय थोडे अधिक मुरते.

येथवर पुस्तक बरोबर आहे. पुढे ते म्हणते की हे भय वस्तुस्थितीच्या मानाने अवास्तव असते. येथे मात्र आपल्याला थांबावे लागते. एल्फिन्स्टन हायस्कुलात शिक्षकांनी भीमराव आंबेडकरांना गणित सोडवायला फळ्याकडे बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले डबे विटाळू नयेत म्हणून वर्गातली मुले ते हलवायला धावली, ही हकीकत चरित्रांतून आपण वाचली आहे. त्या मुलाला फळ्याकडे जाताना काही वाटले असेल तर ते अवास्तव म्हणायचे काय? आणि अलीकडचे पाहा. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. जात उच्चारली नाही तेव्हा दलित आणि सवर्ण मुलांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. सर्वांसमोर नाव-गाव-जात पुकारल्यावर दलित मुलांची सुटलेली कोडी कमी झाली. २००४ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पोरे तीच, कोडी तीच. फक्त आपल्याकडे कोणत्या नजरेने पाहिले जाईल याचा अंदाज बदलला.

आपल्याकडे या भयाला भाषेची जोड आहे. पदव्युत्तर वर्गात असताना मी एका चर्चासत्रात निबंध वाचत होतो. ‘आनि’ असा उच्चार निघाला, समोरच्या रांगेत कोणी हसले, आणि उरलेली चार पाने मी ‘आणि’ हा शब्द वगळून वाचली. काय वाचले ते आजही आठवत नाही. माझे वडील तुर्भ्याच्या बाजारात माथाडी. पाठीवर पोते घेऊन ते दिवसभर ‘आनि’ म्हणत, आणि त्यांची जीभ कधी अडखळल्याचे मी ऐकले नाही. नंतरची दोन वर्षे मी प्रत्येक चर्चासत्र टाळले. त्याला मी तेव्हा ‘अभ्यास’ म्हणत असे.

तेव्हा करायचे काय? दोन गोष्टी वेगळ्या धराव्यात. अपमान करणारा दोषी आहे, त्याच्याशी भांडायचे ते भांडायचेच. पण शरीराला जडलेली माघारीची सवय आपली आपल्यालाच मोडावी लागते, आणि ती पायरीपायरीने मोडते. आधी शेजाऱ्याशी दोन वाक्ये, मग पाच जणांच्या गटात, मग बसल्या जागेवरून एक प्रश्न, मग उभे राहून. भय शून्य होण्याची वाट पाहू नये. ते असतानाच बोलावे, आणि बोलताना आपल्या आवाजाऐवजी समोरच्या एका चेहऱ्याकडे लक्ष द्यावे. वाक्य घोकू नये. सभेआधी ‘थोडी घेऊन’ धीर आणणारे काही कार्यकर्ते मला ठाऊक आहेत. ती बचावाचीच युक्ती आहे आणि सर्वांत महागडी. एवढ्याने भागले नाही तर मानसोपचार आहेत, गरज पडल्यास औषधेही. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून सुरू आहे, तेथे मराठीत बोलता येते आणि पैसे लागत नाहीत.

शिक्षकांकडे यापेक्षा सोपे काम आहे. शिष्यवृत्तीची यादी वर्गात मोठ्याने वाचू नये. उच्चार सर्वांदेखत सुधारू नयेत. ओळख करून द्यायची तर आधी जोडी लावावी आणि एकाने दुसऱ्याची करून द्यावी. मी तीन वर्षांपासून असे करतो. बाहेर जाणारी मुले कमी झाली, संपली नाहीत.

आपल्या विहारांत १४ एप्रिलला लहान पोरांना माईकपुढे उभे करतात. चार ओळी विसरल्या तरी टाळ्या पडतात. बाबासाहेबांनी १९२० साली आपल्या पहिल्या पत्राचे नाव ‘मूकनायक’ ठेवले होते, त्या परंपरेतलेच हे शिक्षण आहे. मात्र तेच पोर सोळा वर्षांचे झाले की आपण फक्त फर्ड्या वक्त्याला माईक देतो, आणि मुलींकडे सतरंज्या व चहा. गेल्या वर्षी आमच्या वस्तीतल्या अभ्यासवर्गात एक नियम केला: दर रविवारी जो कधीच बोललेला नाही त्याने दोन मिनिटे बोलायचे, विषय कोणताही. एका मुलीने पहिल्या खेपेला वडापावच्या गाडीवरचा हिशोब सांगितला. आई ती गाडी चालवते. दोन मिनिटांची अकरा झाली तेव्हा कोणीतरी घड्याळ दाखवले, आणि ती म्हणाली, सर, अजून तेलाचा राहिलाय.