ज्वारीची वर्गणी व बाळंतपणाचा खर्च

वर्धा जिल्ह्यांतील सेवाग्रामचें कस्तुरबा रुग्णालय प्रथम स्त्रिया व मुलें यांच्यासाठींच निघालें. पुढें १९८०च्या सुमारास तेथील डॉ. उल्हास जाजू यांनीं आसपासच्या गांवांतून आरोग्यविम्याची वर्गणी ज्वारीच्या रूपानें घेतली. ज्याची जमीन अधिक त्याची ज्वारी अधिक; भूमिहीनाची अल्प. उपचार मात्र सर्वांना सारखाच. हा न्याय मला फार मोलाचा वाटतो.

तथापि त्यांत एक मेख होती. अकल्पित दुखण्याचा उपचार मोफत. साधें बाळंतपण आधींच ठाऊक असतें, म्हणून त्याच्या खर्चाचा चौथा हिस्सा घरानें द्यावयाचा. विम्याच्या हिशेबानें हें रास्तच. परंतु नऊ महिने आधीं कळलें, म्हणून शेतमजुरणीपाशीं पैसा कोठून सांठणार? मजुरी तर त्याच दिवसांत बुडते! २०११ सालीं केंद्र सरकारच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानें सरकारी रुग्णालयांतील बाळंतपण, शस्त्रक्रियेसह, मोफत ठरविलें. औषधें, रक्त आणि घरापासूनची ने-आणही त्यांत धरली.