‘कडक’ आणि ‘मऊ’: साहसी मोटरसायकलच्या निलंबनाची जुळणी व तिची परिभाषा

मोटरसायकलच्या ज्या अंगास इंग्रजीत ‘सस्पेन्शन’ म्हणतात, त्यास मराठी परिभाषेत ‘निलंबन’ हा प्रतिशब्द दिला जातो. आणि तो कानी पडताच सामान्य वाचकास एखाद्या कारकुनाची नोकरी आठवते. यात हसण्यासारखे असले तरी शब्द मुळात चुकीचा नाही. युरोपातील जुन्या घोडागाड्यांची पेटी चामड्याच्या भक्कम पट्ट्यांनी अक्षरशः लोंबती ठेवलेली असे, म्हणून त्या रचनेस ‘टांगणी’ या अर्थाचे नाव पडले. पुढे पट्टे गेले, त्यांच्या जागी स्प्रिंगा आल्या, गाडी टांगली जाण्याऐवजी खालून तोलली जाऊ लागली. नाव मात्र राहिले. मराठीने ते नाव घेतले, त्यामागची घोडागाडी तिच्याकडे आली नाही.

कारखान्यातील मेस्त्री ‘निलंबन’ म्हणत नाही; तो ‘शॉकअप’ म्हणतो. परंतु ‘शॉक अ‍ॅब्सॉर्बर’ या मूळ नावाचा हा संक्षेपही दिशाभूल करणाराच आहे. रस्त्याचा धक्का प्रथम घेते ती स्प्रिंग. ती तो गिळून टाकीत नाही, साठवून ठेवते व परत करते. धक्क्याची ऊर्जा खरोखर नाहीशी करते, म्हणजे तिची उष्णता करून टाकते, ते स्प्रिंगच्या जोडीने असलेले तेल. लहान छिद्रांतून व झडपांतून ते रेटले जाते आणि गतीला विरोध करते. या दुसऱ्या कार्यास ‘अवमंदन’ ही संज्ञा आहे. स्प्रिंगचा जोर ती किती दबली आहे यावर अवलंबून असतो; तेलाचा विरोध ती किती वेगाने दबत अथवा उघडत आहे यावर. एकाचा संबंध स्थितीशी, दुसऱ्याचा गतीशी. हा भेद ध्यानी न आल्यामुळे आणि दोहोंसाठी बोलीत ‘कडक’ व ‘मऊ’ ही एकच शब्दांची जोडी वापरली गेल्यामुळे जुळणीत जो घोटाळा होतो, तोच या विवेचनाचा विषय आहे.

तेलाच्या अवमंदनाचा दुर्बिणीसारखा एकात एक सरकणारा पुढचा फोर्क बी. एम. डब्ल्यू. कंपनीने १९३५ साली आपल्या मोटरसायकलींवर बसविला. मागील बाजूस दोन शॉकअपऐवजी एकच, अधिक लांब पल्ल्याचा शॉकअप लावण्याची रचना यामाहाने १९७३ च्या सुमारास मोटोक्रॉस शर्यतींत पुढे आणली. याच कंपनीच्या नव्हे, तर पुन्हा बी. एम. डब्ल्यू.च्या १९८० मधील ‘आर ८० जी/एस’ या गाडीपासून पक्का रस्ता व आडवाट या दोहोंसाठी असलेल्या, आज ‘साहसी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मोटरसायकलींचा वर्ग सुरू झाला असे सामान्यतः मानतात. चाकाचा वरखाली पल्ला मोठा असणे हे या वर्गाचे मुख्य लक्षण होय. भारतात २०१६ साली आलेल्या पहिल्या रॉयल एनफील्ड हिमालयन गाडीत तो पुढे २०० व मागे १८० मिलिमीटर आहे. तिच्या फोर्कला जुळणीची सोय नाही. मागील शॉकअपच्या स्प्रिंगवरील कडे मात्र पान्याने फिरविता येते. बहुतेकांचा निलंबनाच्या जुळणीशी येणारा संबंध एवढाच असतो आणि गैरसमजाचा उगमही येथेच आहे.

हे कडे आवळले म्हणजे ‘स्प्रिंग कडक झाली’ असे सर्रास म्हटले जाते. वस्तुतः स्प्रिंग होती तशीच राहते. कडे आवळल्याने एवढेच घडते की चाकावर भार येण्यापूर्वीच स्प्रिंग थोडी दाबून ठेवली जाते. इंग्रजीतील ‘प्रीलोड’ या संज्ञेसाठी ‘पूर्वभार’ हा शब्द योग्य ठरेल, कारण ‘भार पडण्यापूर्वीचा भार’ हा अर्थ तो तंतोतंत देतो. एक कल्पित उदाहरण घ्यावे. चाकापाशी मोजता दर मिलिमीटर दाबास १ किलोग्रॅम भार लागेल अशी स्प्रिंग आहे व तिला २० मिलिमीटर पूर्वभार दिला आहे. नुसत्या गाडीचा त्या चाकावर ६० किलोग्रॅम भार येत असेल, तर पहिले २० किलोग्रॅम पूर्वभाराने आधीच तोललेले असल्यामुळे गाडी ४० मिलिमीटर बसेल. स्वाराचे आणखी २० किलोग्रॅम त्या चाकावर आले की ती ६० मिलिमीटर बसेल. आता पूर्वभार ३० केला, तर हेच आकडे अनुक्रमे ३० व ५० होतील. गाडीची उंची १० मिलिमीटरने वाढली. परंतु पुढील प्रत्येक मिलिमीटरसाठी भार पूर्वीइतकाच, १ किलोग्रॅम, लागणार. बदलली ती बैठक, ताठरपणा नव्हे.

‘बैठक’ हा शब्द येथे इंग्रजीतील ‘सॅग’साठी योजला आहे. ‘शॉकअप बसला’ या कारखान्यातील बोलीत त्याचे बीज आहे, मात्र तेथे तो बिघाड सुचवितो. शास्त्रीय अर्थाने बैठक हा दोष नव्हे. चाकाला खड्ड्यात खाली उतरण्यासाठीही जागा हवी असते आणि गाडी मुळीच बसली नाही, तर ती जागाच उरत नाही. साहसी मोटरसायकलींच्या बाबतीत स्वारासह बैठक एकूण पल्ल्याच्या सुमारे तीस टक्के असावी, असा सर्वसाधारण आडाखा आहे. २०० मिलिमीटर पल्ल्यास ६० मिलिमीटर.

ती मोजण्यास फीतपट्टी व दोन सोबती पुरतात. प्रथम मागचे चाक अधांतरी ठेवून त्याच्या आसापासून थेट वर शेपटाकडील एका खुणेपर्यंतचे अंतर मोजावे. मग गाडी चाकांवर सरळ उभी धरून तेच अंतर घ्यावे आणि शेवटी स्वार प्रवासातील संपूर्ण वेषानिशी, हेल्मेट-बुटांसह, बसला असता पुन्हा घ्यावे. पहिल्या मापातून दुसरे वजा केले असता रिकामी बैठक मिळते, तिसरे वजा केले असता स्वारासह बैठक. घर्षणामुळे गाडी दोनदा एकाच जागी थांबत नाही. म्हणून एकदा खाली दाबून हळू सोडावी, एकदा वर उचलून हळू सोडावी व सरासरी धरावी. येथे एक सावधगिरी हवी. शॉकअपचा पल्ला चाकाच्या पल्ल्याहून बराच कमी असतो. कड्याचा एक मिलिमीटर चाकापाशी साधारणतः दोन ते तीन मिलिमीटर होतो.

या दोन बैठकींची तुलना हा या शास्त्रातील सर्वांत उद्बोधक भाग म्हणता येईल, कारण तिचा निष्कर्ष प्रथमदर्शनी उलटा भासतो. वरील उदाहरणातील भार कायम ठेवून स्वारासह बैठक प्रत्येक वेळी ६० मिलिमीटरच साधावयाची आहे असे समजावे. मिलिमीटरला ०.८ किलोग्रॅमची मऊ स्प्रिंग घेतल्यास तिला ४० मिलिमीटर पूर्वभार द्यावा लागेल आणि रिकामी बैठक ३५ येईल. १.२५ किलोग्रॅमच्या ताठर स्प्रिंगला केवळ ४ मिलिमीटर पुरेल व रिकामी बैठक ४४ येईल. म्हणजे स्वारासह बैठक बरोबर असूनही रिकामी गाडी फारच कमी बसत असेल, तर स्प्रिंग ताठर नसून उलट मऊ आहे. अशी गाडी कडे आवळून ‘कडक’ केलेली असते, हाताला ती ताठ लागते आणि मोठ्या खड्ड्यात मात्र तळाला आपटते. कडे आणखी आवळणे हा त्यावरील उपाय नव्हे. स्प्रिंग बदलणे हाच उपाय आहे.

अवमंदनाचे दोन प्रकार आहेत: दबतानाचे व उसळतानाचे. ज्या गाड्यांत त्यांच्या जुळणीचे स्क्रू असतात, तेथे प्रत्येक ‘क्लिक’ची गणना स्क्रू पूर्ण बंद करून, तेथून उघडत करावयाची असते; बंद करताना जोर लावू नये. आधी बैठक, मग उसळीचे अवमंदन, शेवटी दाबाचे, असा क्रम ठेवावा. कारण स्प्रिंग चुकीची असेल, तर तेल तिचा दोष केवळ झाकू शकते. एका वेळी एकच स्क्रू, दोन क्लिक, रस्त्याचा तोच तुकडा, आणि हाताशी वही. उसळीचा विरोध कमी पडला, तर मागची बाजू स्वारास वर फेकते. तो जास्त झाला, तर होणारा अपाय अधिक सूक्ष्म असतो. कच्च्या रस्त्यावर वाहनांनी उठविलेल्या लाटांमधील अंतर ७० सेंटिमीटर धरले, तर ताशी ६० किलोमीटर वेगाने सेकंदास सुमारे चोवीस लाटा चाकाखालून जातात. दर लाटेनंतर उघडण्यास स्प्रिंगला सेकंदाचा चोविसावा भाग मिळतो. तेवढ्यात ती पूर्ण उघडली नाही, तर दुसरा धक्का तिला अर्धवट दबलेली गाठतो, तिसरा आणखी दबलेली. काही क्षणांत पल्ला संपतो आणि चाक जमीन सोडू लागते. अशा वेळी स्वार म्हणतो, ‘शॉकअप कडक आहे.’ मेस्त्री विश्वासाने दाबाचा स्क्रू ढिला करतो. गाडी आता आणखी सहज खाली जाते, आणि दुखणे वाढते.

तात्पर्य, ‘कडक’ हे निदान नसून लक्षण आहे. त्यामागे ताठर स्प्रिंग असू शकेल, जादा पूर्वभार असू शकेल, दाबाचे किंवा उसळीचे अतिरिक्त अवमंदन असू शकेल. टायरमधील जास्त हवाही असू शकेल, जिचा विचार खरे तर सर्वांआधी व्हावयास हवा. म्हणून विचारावयाचा प्रश्न ‘किती कडक’ हा नसून ‘केव्हा कडक’ हा आहे: पहिल्याच दगडावर, की विसाव्या लाटेवर; रिकाम्या गाडीवर, की सामान लादल्यावर? ताप व दुखणे यांत वैद्य जो भेद करतो, तोच येथे अपेक्षित आहे.

सामान लादण्याचा प्रश्न केवळ सुखसोयीचा नाही. मागे पेट्या व सहप्रवासी घेऊन कडे न आवळता निघालेल्या गाडीचा मागचा भाग खचतो, पुढचे चाक हलके होते, सुकाणूचा कोन लोळता होतो व गाडी वळणात बाहेर ओढली जाते. दिव्याचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. पूर्वभार वाढविला की हे सावरते. उलट, घरी परतून पेट्या उतरविल्यावर कडे तसेच राहिले, तर मागची बाजू उंच होते, पसरस्टँडवर गाडी अधिक कलते व मऊ जमिनीत कोसळू शकते.

महाराष्ट्रातून लडाखकडे जाणाऱ्या स्वारांच्या संदर्भात एका बाबीचा उल्लेख आवश्यक आहे. फोर्कच्या नळ्यांत तेलावर बंद हवा असते. पुण्याच्या सुमारे ५६० मीटर उंचीवर बंद झालेली हवा लेहच्या सुमारे ३५०० मीटर उंचीवर नेली, तर बाहेरील दाब दर चौरस सेंटिमीटरला अंदाजे ०.३ किलोग्रॅमने घटतो. आतील हवा तेवढ्या प्रमाणात अधिक जोराने नळी बाहेर रेटते. ४१ मिलिमीटर व्यासाच्या नळीचे क्षेत्रफळ १३ चौरस सेंटिमीटरच्या आसपास असल्याने, तापमानातील फरक सोडून दिल्यास, हा जोर प्रत्येक नळीमागे सुमारे ४ व दोहोंचा मिळून ८ किलोग्रॅम होतो. वरील उदाहरणातील स्प्रिंग धरली, तर पुढची बैठक ८ मिलिमीटरने घटेल. म्हणजे कोणी कडे न फिरविताही पूर्वभार वाढला. ज्या फोर्कच्या टोपणांवर हवा सोडण्याचे स्क्रू असतात, त्यांत पुढचे चाक उचलून ते क्षणभर उघडल्यास आतबाहेरचा दाब समान होतो. मैदानात उतरल्यावर हीच कृती पुन्हा करावी लागते, नाहीतर नळ्यांत या वेळी उणा दाब राहून फोर्क खाली खेचला जातो.