धोतर कुणासाठी?

गोष्टीतला माणूस मनातली इच्छा सांगतोच असं नाही. मग ती कळते कशी? कधी एखाद्या वस्तूवरून. आपल्या माळशिरस तालुक्याशेजारच्या माणदेशातले लेखक व्यंकटेश माडगूळकर. त्यांचे ‘माणदेशी माणसं’ हे पुस्तक १९४९ साली निघाले. त्यातला गरीब धर्मा रामोशी जुने धोतर मागतो. ते मिळते, तरी त्याच्या अंगावर फाटकेच! का बरं? ते धोतर त्याच्या लेकीने लुगडे म्हणून नेसलेले असते. लेकीची अब्रू झाकावी, ही बापाची इच्छा. मागताना तो बोलला नाही, धोतर बोलले. अशी वस्तू म्हणजे मनाची खूण. तिलाच प्रतीक म्हणतात. गोष्ट वाचताना विचारा : कोण काय मागतो? आणि कुणासाठी?