घराखालची जमीन

अकोला, परभणी, सोलापूर अशा काळ्या मातीच्या मुलखांत नवें घर दोन-तीन पावसाळे पाहतें न पाहतें तोंच खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकस भेग निघालेली दृष्टीस पडते. दोष बहुधा गवंड्याच्या अगर सिमेंटच्या माथीं मारला जातो; परंतु खरें कारण पुष्कळदां पायाखालीं असतें.

दख्खनच्या पठारावरील काळी माती बेसॉल्ट खडकाची झीज होऊन तयार झाली आहे. तींत माँटमोरिलोनाइट नांवाच्या खनिजाचा अंश मोठा असतो. या खनिजाच्या पातळ थरांमध्यें पाणी शिरलें म्हणजे माती फुगते, पाणी आटलें म्हणजे आकसते. पावसाळ्यांत घराच्या कडेची माती आधीं भिजते, मधली कोरडी राहते. एक बाजू उचलली जाते, दुसरी तशीच राहते, आणि या ओढाताणींत भिंत तडकते. नवल हें कीं, एकमजली हलक्या घरास हें भय अधिक. कारण फुगणाऱ्या मातीस दाबून धरण्याइतकें वजन त्यास नसतें.

मातीचा हा स्वभाव आधीं ओळखतां येतो. वाळवून बारीक चाळलेली माती १०-१० ग्रॅम दोन मापनळ्यांत घेतात व एकींत पाणी, दुसरींत रॉकेल ओततात. रॉकेलमध्यें ती फुगत नाहीं. २४ तासांनीं रॉकेलमधील माती १० मिलिलिटर व पाण्यांतील १६ मिलिलिटर भरली, तर फुगवटा शेंकडा ६० झाला. हा आंकडा जितका मोठा, तितका धोका अधिक.

सात-बाऱ्याचा उतारा जमीन कोणाची तें सांगतो; तिच्या पोटांत काय आहे तें खड्डाच सांगतो. एकरभर जागेस चार कोपऱ्यांवर चार व मध्यें एक असे खड्डे घेण्याची रीत आहे. लहान घरास मधला एकही पुरतो. काळी माती किती खोल, मुरूम कोठें लागतो, पाणी किती वर आहे, हें त्यांत दिसतें. जुनी विहीर अगर खाण बुजवून भराव केला असल्याचा संशय असेल, तेथें आणखी एक खड्डा अवश्य घ्यावा.

मुरूम जवळ असल्यास पाया तेथपर्यंत न्यावा. माती फार खोल असल्यास सुमारें साडेतीन मीटर खोल, तळाशीं घंटेसारखे रुंद केलेले काँक्रीटचे खांब घालतात. कारण तितक्या खोलीवर ऋतुमानाप्रमाणें होणारी मातीची हालचाल जवळजवळ थांबते. जोत्यांत काळ्या मातीऐवजीं मुरूम भरावा, आणि घराभोंवतीं उताराची फरसबंदी करून पाणी दूर काढावें.

भेग बुजवितां येते, रंग पुन्हां देतां येतो. परंतु उभ्या घराचा पाया बदलणें सामान्य गृहस्थाच्या आवाक्याबाहेरचें आहे. म्हणून आयुष्याची पुंजी घरांत घालणाऱ्यानें नकाशा काढविण्यापूर्वीं खड्डा खणवावा.