'जकातीची साडी' आणि दानाचा हिशेब

रमजानचे पंधरा रोजे उलटले की आमच्या कापडाच्या धंद्यात एक शब्द वारंवार कानावर पडू लागतो. गिऱ्हाईक गादीवर येऊन बसते आणि म्हणते, "पन्नास साड्या काढा, जकातीच्या." पुढे रंग, काठ, पोत काहीच सांगावे लागत नाही. दुकानदार समजतो, नोकर समजतो आणि नागपूरच्या गांधीबागेतला ठोक व्यापारीही समजतो. जकातीची साडी म्हणजे गठ्ठ्यातली सर्वांत हलकी साडी. वीण विरळ, पन्हा कमी, रंग पहिल्या धुण्यात निम्मा. मुकुटबनच्या आमच्या दुकानात हा माल आम्ही पुष्कळ वर्षे विकला. स्वतःच्या जकातीतही वाटला आणि खात्यावर रक्कम लिहून मोकळे झालो.

काही वर्षांपूर्वी ईदनंतर आठ दिवसांनी मोहल्ल्यातील एक विधवा भगिनी दुकानात आली. शिवणकाम करून दोन मुलांना वाढविणारी ही बाई. पिशवीतून पाच साड्या काढून तिने पुढ्यात ठेवल्या. पाचही आमच्याच दुकानच्या. म्हणाली, "भाईजान, पाच घरांतून पाच आल्या. या परत घ्या. जे पैसे होतील त्यात थोडी भर घालून पिको-फॉलची मशीन घेता येते का, ते बघते."

आम्ही साड्या उलटून-पालटून पाहिल्या आणि गप्प झालो. निम्म्या किमतीतही त्या परत घ्याव्यात असे मनाला वाटेना. आमचाच माल आम्हालाच नको होता. निकृष्ट वस्तू दान म्हणून काढू नये, हा इशारा कुरआनात सूरह बकरामध्ये आलेला आहे. आमचे शिक्षण उर्दू माध्यमाच्या शाळेत झाले. जकातीचे मसले लहानपणीच पाठ झाले होते. टक्केवारी पाठ होती, पण वाटताना आपण काय वाटतो याकडे नजर गेली नव्हती.

त्या दिवसापासून आम्ही एक पाहू लागलो. आपल्या आजूबाजूचे इतर समाज कसे देतात? त्यांचा पैसा निघतो कोठून आणि पोहोचतो कोठे? उदारतेत कोणताच समाज कमी नाही. फरक आहे तो पद्धतीचा, आणि व्यापाऱ्याला तो समजून घेण्यासारखा आहे.

प्रथम आपल्या बाजारातला धर्मादा घ्या. मारवाडी-गुजराती पेढ्यांवर ही जुनी रीत. बिलात किंवा पट्टीत मालाच्या किमतीशिवाय एक बारीक रक्कम धर्मादा म्हणून लावायची आणि ती वेगळ्या खात्यात जमा करायची. थेंबाथेंबाने जमणाऱ्या अशा पैशांतून धर्मशाळा, पाणपोया, गोशाळा उभ्या राहिल्या. उत्तर प्रदेशातील हाथरसच्या एका सूतगिरणीच्या प्रकरणात १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने अशी धर्मादाची रक्कम व्यापाऱ्याचे उत्पन्न नव्हे, असे ठरविले. म्हणजे पैसा गिऱ्हाइकाचा, व्यापारी फक्त सांभाळणारा. यातली खुबी अशी की देणे विक्रीबरोबर आपोआप होत राहते, वर्षअखेरीची वाट पाहावी लागत नाही. दोषही तेथेच आहे. कापसाच्या जुन्या बाजारात शेतकऱ्याच्या पट्टीतून हमाली, तोलाई यांच्याबरोबर धर्मादाही कापला जाई आणि पुण्य मात्र अडत्याच्या नावावर चढे. वऱ्हाडात कारंजा येथे १८८६ साली कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला, १८९७ साली वऱ्हाडसाठी बाजाराचा कायदा आला, त्यामागे अशा मनमानी कपातींना आळा घालण्याचा विचार होता.

पारशी समाज संख्येने मूठभर. सर जमशेटजी जीजीभाई यांनी चीनशी कापूस आणि अफूच्या व्यापारात पैसा मिळविला आणि त्यांच्या देणगीतून मुंबईचे जे. जे. रुग्णालय १८४५ साली सुरू झाले. त्याची दारे पहिल्यापासून सर्व जातिधर्मांना उघडी राहिली. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ साली नागपुरात सुरू झाली, ती कापसाचा हा मुलूख जवळ म्हणूनच. १८९२ साली टाटांनी उच्च शिक्षणासाठी फंड काढला. त्यातून मदत दिली जाते ती कर्जाऊ. शिकून कमावता झालेला विद्यार्थी पैसे परत करतो आणि तेच पैसे पुढच्याच्या कामी येतात. आज टाटा सन्स या मूळ कंपनीचा सुमारे ६६ टक्के हिस्सा धर्मादाय न्यासांच्या हाती आहे. नफ्यातून देणे निराळे आणि मालकीच देऊन टाकणे निराळे.

शीख समाजात कमाईचा दहावा हिस्सा, म्हणजे दसवंध, काढण्याची शिकवण आहे. त्याचे रूप आपल्याच जिल्ह्यात पाहायला मिळाले. २०२० सालच्या टाळेबंदीत पांढरकवड्याजवळ करंजी येथे महामार्गावरील गुरुद्वाऱ्याचा लंगर चालू राहिला. बाबा कर्नैल सिंग खैरा तेव्हा एक्याऐंशी वर्षांचे होते. दहा आठवड्यांत सुमारे वीस लाख लोक तेथे जेवले, असे त्या वेळी वृत्तपत्रांनी छापले. हॉटेले बंद, ढाबे बंद, पायी निघालेले मजूर आणि अडकलेले ट्रकवाले. पंगतीत बसणाऱ्याला कोणी जात विचारली नाही, धर्म विचारला नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे लंगरमध्ये वाढणारा आणि जेवणारा एकाच पंगतीत बसू शकतात.

बौद्ध बांधवांचे उदाहरण तर विदर्भातलेच. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रत्येकाने आपल्या मिळकतीचा विसावा भाग धम्मकार्यासाठी द्यावा, असे आवाहन केले. समोर बसलेले बहुतेक लोक शेतमजूर आणि गिरणी कामगार. गरीब माणूस फक्त घेणारा नसतो, तोही देणारा होऊ शकतो, हा त्यामागचा विश्वास.

सातासमुद्रापार अमेरिकेतही हेच दिसते. तेथे गोऱ्या धनिकांच्या नावाची विद्यापीठे आणि फाउंडेशन जगाला ठाऊक आहेत. काळ्या समाजाचे देणे मात्र फारसे दिसत नाही, कारण ते चर्चच्या पेटीत, नात्यागोत्यात आणि आपसातल्या मंडळांत होते. १७८७ साली फिलाडेल्फिया शहरात रिचर्ड अ‍ॅलन आणि अ‍ॅब्सलम जोन्स यांनी फ्री आफ्रिकन सोसायटी स्थापन केली. सभासदाने महिन्याला एक शिलिंग द्यायचा आणि त्यातून आजारी सभासद, विधवा व पोरक्या मुलांना आधार द्यायचा. देशात गुलामगिरी चालू होती तेव्हाची ही गोष्ट. आणि १९९५ साली मिसिसिपी राज्यात ओसिओला मॅकार्टी या वृद्ध धोबिणीने जन्मभर लोकांचे कपडे धुऊन साठविलेल्या पैशांतून दीड लाख डॉलर गरजू विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठाला दिले. आम्ही कापडवाले. कापड धुणाऱ्या हाताची ही बरकत वाचून आम्हाला आपले गाडगेबाबा आठवले. परीट घरात जन्मले, लोकांच्या पैशांतून धर्मशाळा बांधल्या आणि त्यांतले स्वतःसाठी काही ठेवले नाही.

आता कायद्याने द्यावे लागणारे दान. मुकुटबनला मोठा सिमेंट कारखाना झाला, त्याचे उत्पादन २०२२ साली सुरू झाले. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. ऐकताना हा आकडा आपल्या अडीच टक्क्यांच्या जवळचा वाटतो. पण दोघांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ते व्यापाऱ्याच्या भाषेत, एका कल्पित दुकानाच्या हिशेबाने पाहू.

दुकानात बाजारभावाने आठ लाखांचा माल आहे. गल्ल्यात आणि बँकेत एक लाख. वसूल होण्याजोगी उधारी दोन लाख. ठोक व्यापाऱ्यांचे देणे तीन लाख. बाकी उरले आठ लाख. रक्कम चांदीच्या निसाबाच्या, म्हणजे सुमारे ६१२ ग्रॅम चांदीच्या किमतीच्या, कितीतरी वर आहे. जकात झाली २०,००० रुपये. त्या वर्षी नफा दोन लाख झाला असे धरा. दसवंधाच्या हिशेबाने २०,००० निघतील, विसाव्या भागाने १०,००० आणि कंपनीच्या मापाने ४,०००. पुढच्या वर्षी, २०१७ साली आपल्या जिल्ह्यात आली तशी गुलाबी बोंडअळी आली, शेतकऱ्याच्या हाती पैसा नाही, नफा शून्य. दसवंध आणि विसावा भाग शून्यावर येतील, कंपनीचा आकडाही तीन वर्षांच्या सरासरीमुळे पुढे घटेल. जकात मात्र जवळपास तितकीच राहील, कारण ती नफ्यावर नाही, साठलेल्या मालमत्तेवर आहे. ती गिऱ्हाइकाच्या बिलातून निघत नाही, आपल्याच मुदलातून निघते. मंदीच्या वर्षी हे किती जड जाते, ते ज्याने भरले त्यालाच ठाऊक.

मग एवढी कडक शिस्त असलेल्या समाजात पाच साड्या मिळालेल्या बाईला एक मशीन का मिळू नये? रक्कम निघते, पण सुटी निघते. प्रत्येकाला आपल्याच दारात रांग हवी असते. दहा रुपये, वीस रुपये, एक साडी. घेणारा पुढच्या रमजानलाही रांगेतच असतो. टाटांच्या फंडातला विद्यार्थी फेड करून मोकळा होतो, लंगरमध्ये जेवणारा उद्या वाढायला उभा राहतो. आपल्या रांगेतून बाहेर पडायला वाटच ठेवलेली नाही.

आम्ही चार दुकानदारांनी मिळून थोडा बदल केला. हिशेब शाबानमध्येच करायचा. गरजूंची यादी एकाने सांभाळायची आणि ती कोणाला दाखवायची नाही. वस्तू द्यायची तर घेणाऱ्याची पूर्ण मालकी होईल अशी द्यायची. हनफी मसल्यात ही मालकी आवश्यक आहे. त्याच मसल्याप्रमाणे बुडीत उधारी माफ केली म्हणजे जकात फिटत नाही, ही पळवाटही बंद केली. पहिल्या वर्षी एक पिको-फॉल मशीन झाली, दुसऱ्या वर्षी एका कारागिराची अवजारे आणि एका मुलाची आयटीआयची फी. कामगिरी मोठी नाही. चौघांपैकी एक भाऊ बाहेरही पडले. त्यांचे म्हणणे, "दारात कोणी आलेच नाही, तर आपण दिले हे कळणार कोणाला?" त्यांना दोष कसा देणार? हा मोह आम्हालाही होता.

आणखी एक गोष्ट. बहुतेक उलेमांच्या मते जकात मुसलमान गरजूंसाठी आहे, पण नफली सदका कोणालाही देता येतो. आमच्या दुकानाचा नफा कोठून येतो? कुणबी शेतकऱ्याकडून, गोंड आणि कोलाम बांधवांकडून, शेजारच्या तेलंगणातून येणाऱ्या गिऱ्हाइकांकडून. कापूस बुडालेल्या वर्षी पोडावरच्या कुटुंबाची उधारी सोडून देणे ही जकात नव्हे, पण सदका नक्की आहे. करंजीच्या पंगतीत कोणी नाव विचारले नाही. उधारीच्या वहीत आम्हाला नाव लिहावे लागते, पण खोडताना ते कोणत्या समाजाचे आहे हे पाहण्याचे कारण नाही.

ती भगिनी आता आमच्याच दुकानच्या साड्यांना फॉल लावते आणि मजुरी रोख नेते. जकात देण्याइतका निसाब तिच्याकडे अजून झालेला नाही. मात्र घेणे तिने बंद केले आहे.

व्यापारी बांधवांना एवढीच विनंती की, या रमजानला गठ्ठा बांधण्यापूर्वी त्यातली एक साडी घरी न्यावी आणि घरातल्या बाईसमोर ठेवावी. ती नेसायला तयार असेल तर खुशाल वाटावी. नसेल तर तो शिलकी माल आहे. तो सेलमध्ये काढावा, जकातीच्या खात्यात लिहू नये.