विहाराची किल्ली कुणाकडे?

परळी वैजनाथहून लातूर रोडला जाणाऱ्या रेल्वेमार्गावर घाटनांदूर लागतं. अंबाजोगाई तालुक्यातल्या या भागात फिरलं की गावोगाव बुद्धविहार दिसतात, पण विहारात कायम राहणारे भन्तेजी फार थोड्या ठिकाणी भेटतात. वर्षावासाचे तीन महिने, आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत, संध्याकाळी वंदना होते, बाबासाहेबांच्या धम्मग्रंथाचं वाचन होतं, पांढऱ्या साड्यांतल्या बायाबापड्या पुढे बसतात. लग्न लावणं आणि पुण्यानुमोदन बौद्धाचार्य करतात. बाकी सगळं, म्हणजे जयंतीची वर्गणी, विजेचं बिल, गळकं छत, दानपेटी आणि तिची किल्ली, विहार कमिटीच्या हाती.

अशा विहाराला भिक्खू संघाच्या जुन्या कारभाराचा काय उपयोग, असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, फार मोठा. तो कारभार माणसावर नाही, रीतीवर उभा होता.

विनयात, म्हणजे भिक्खूंच्या आचारनियमांत, भिक्खूला सोनं-नाणं घ्यायची मनाई आहे. पैशाचा व्यवहार उपासकांनी पाहायचा. संघाच्या वस्तू सांभाळायला भांडागारिक नेमायचा. त्याची पात्रता काय? तो मर्जी, द्वेष, मोह आणि भय या चारांच्या आहारी जाणारा नसावा, आणि काय जपलंय, काय जपलेलं नाही याची त्याला खबर असावी. आमच्या गावांत खजिनदार निवडताना आपण भावकी पाहतो, आवाज किती मोठा ते पाहतो. हे चार शब्द कमिटीच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत इतके नेमके आहेत. शिवाय भांडागारिकाला कुणी एकटा नेमत नसे. ठराव संघापुढे मांडायचा, हरकत असेल त्यानं बोलायचं, सगळे गप्प राहिले तर संमती समजायची. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी याच संघाची आठवण काढली होती: ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान, सगळं तिथं होतं.

हिशेबाचा दाखला तर आपल्याच मातीत कोरलेला आहे. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरातल्या लेणी क्रमांक १० मध्ये क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यानं लेण्यातल्या भिक्खूंसाठी ३,००० कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले. २,००० वर महिना शेकडा एक दरानं व्याज, म्हणजे वर्षाला २४०. वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२, म्हणजे बरोबर २४०. उरलेल्या १,००० वर महिना शेकडा पाऊण दरानं व्याज, ते भिक्खूंच्या इतर खर्चाला. मुद्दल परत द्यायचं नाही, खायचं फक्त व्याज. हा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून नोंदवला गेला आणि मग दगडात कोरला. दोन हजार वर्षांनंतरही कुणीही उभं राहून बेरीज तपासावी, अशी ती पावती आहे.

आजचा कायदाही याच्या फार लांब नाही. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली विहाराचा न्यास नोंदवता येतो. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो, दरवर्षी हिशेब तयार ठेवावे लागतात. अडचण अशी की कमिटी बदलते आणि कागद जुन्याच विश्वस्तांच्या नावावर राहतात. मग जागेचा वाद निघाला की वहीत कुणाची सही हे शोधत बसावं लागतं. मला स्वतःला एका गावी असं पावती पुस्तक दाखवलं गेलं होतं, ज्यात वर्गणीच्या पावत्या फाडलेल्या होत्या, पण स्थळप्रती कोऱ्याच होत्या. चोरी झालीच असं नाही. पण ती झाली नाही हे दाखवायला तिथं काहीच नव्हतं. त्या शंकेनं पुढं वर्गणी आटली आणि छत गळतच राहिलं.

भन्तेजी आले की तेही कमिटीच्या भांडणात ओढले जातात, हे दुःख वेगळंच. विनयाप्रमाणे पैसा त्यांच्या हाती नसेल, तर त्यांच्या शब्दाला वजन राहतं आणि वाद त्यांच्यापर्यंत जात नाही.

वर्षावास संपतो त्या अश्विन पौर्णिमेला भिक्खू पवारणा करतात. प्रत्येकजण संघापुढे म्हणतो, माझं काही चुकलेलं पाहिलं, ऐकलं, शंका आली असेल तर सांगा. थोरापासून लहानापर्यंत सगळे हे म्हणतात. त्याच संध्याकाळी, खीर वाढण्याआधी, खजिनदारानं उभं राहून वर्षाची जमा आणि खर्च मोठ्यानं वाचावा, आणि पांढऱ्या साड्यांतल्या त्या बायांनी विचारावं: दानपेटी कधी उघडली, आणि उघडताना शेजारी कोण होतं?