भोंग्यानंतरची दोन मिनिटं

आपल्याकडच्या शोकसभेत अध्यक्ष म्हणतात, ‘दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू या.’ प्रत्यक्षात पाऊण मिनिटातच ‘ओम शांती’ होतं आणि खुर्च्या करकरतात. हातचं राखून वाहिलेल्या या श्रद्धांजलीबद्दल कुणी तक्रार करत नाही. कारण घड्याळ न लावता गर्दीला गप्प उभं करणं अवघड असतं. दोन मिनिटांचं हे माप ज्यांनी रूढ केलं, त्यांना ही अडचण पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. म्हणून त्यांनी सुरुवात केली ती तोफेपासून.

दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनमध्ये सिग्नल हिलवरून दुपारी बाराला तोफ उडायची. ती आजही उडते, रविवार सोडून. १९१८ साली पहिलं महायुद्ध चौथ्या वर्षात होतं आणि शहरातल्या घराघरांत मृत्यूच्या तारा येत होत्या. रॉबर्ट ब्रायडोन या नगरसेवकाने सुचवलं की बाराच्या तोफेला सगळ्यांनी जागच्या जागी थांबावं. महापौर सर हॅरी हँड्स यांनी ते उचलून धरलं. त्यांचा मुलगा रेजिनाल्ड एप्रिलमध्येच फ्रान्समध्ये मरण पावला होता. १४ मे रोजी तोफ उडाली, ॲडर्ली स्ट्रीटवरच्या ट्राम थांबल्या, पुरुषांनी टोप्या काढल्या आणि एका इमारतीच्या सज्जातून बिगुल वाजला. आधी तीन मिनिटं धरली होती. ती फार लांबतात असं दिसल्यावर दोनवर आणली. एक मिनिट जिवंत परतलेल्यांसाठी, एक न परतलेल्यांसाठी. पुढे कित्येक महिने हे रोज चाललं, आणि मला सर्वांत नवल वाटतं ते या ‘रोज’चं. वर्षातून एकदा थांबणं सोपं आहे. भर बाजारात रोज बारा वाजता थांबायचं म्हणजे दुःखाला गिऱ्हाइकाइतकाच मान द्यायचा.

दक्षिण आफ्रिकेतले लेखक सर पर्सी फिट्झपॅट्रिक यांनी हे पाहिलं होतं. त्यांचाही मुलगा १९१७च्या डिसेंबरात मारला गेला होता. युद्ध संपल्याला वर्ष होत आलं तेव्हा त्यांनी ही कल्पना लंडनला वसाहतमंत्री लॉर्ड मिल्नर यांच्याकडे पाठवली आणि तिथून ती राजा पाचव्या जॉर्जपर्यंत गेली. एडवर्ड हनी या ऑस्ट्रेलियन पत्रकाराने त्याआधीच, मे १९१९मध्ये, लंडनच्या एका वृत्तपत्रात पत्र लिहून पाच मिनिटांचं मौन सुचवलं होतं. श्रेय कुणाचं यावर आजही वाद घातला जातो. मौनावरून इतकी बोलाचाली व्हावी हे गमतीचंच. ७ नोव्हेंबरला राजाचं आवाहन निघालं, साऱ्या साम्राज्यासाठी. चारच दिवसांनी, ११ तारखेला सकाळी ११ वाजता लंडनमध्ये दारूचे बार उडाले आणि रस्त्यांवरची वाहतूक थांबली.

त्या मौनात प्रार्थनेचे शब्द नव्हते. कुठलाही धर्म, कुठलीही भाषा त्यात बसत होती, आणि बहुभाषिक साम्राज्याला ते सोयीचं होतं. त्या युद्धात साम्राज्याच्या बाजूने लढताना सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावचेही ४६ जण कामी आले. गावाला आज अपशिंगे मिलिटरी म्हणतात. शब्दच नसल्यामुळे ज्याला जे मनात आणायचं ते आणता येत होतं, मग ते देशप्रेम असो वा संताप.

तो संताप १९३७ साली बाहेर पडला. सेनोटाफ या लंडनच्या स्मारकापुढे राजा सहावा जॉर्ज उभा होता. मौन सुरू झालं आणि एक माजी सैनिक गर्दीतून पुढे धावला. हे सगळं ढोंग आहे, तुम्ही पुन्हा युद्धाची तयारी करताय, अशा अर्थाचं तो ओरडत होता. मनोरुग्णालयातून निसटलेला म्हणून त्याची बातमी झाली. पण दोनच वर्षांत युद्ध पेटलं आणि सेनोटाफचा समारंभच थांबवावा लागला. हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला की तळघर गाठायचं, अशा शहरात भोंग्यावर स्तब्ध कोण उभं राहणार? युद्धानंतर हे मौन ११ नोव्हेंबरच्या जवळच्या रविवारी गेलं. ११ तारखेची प्रथा ब्रिटनमध्ये पुन्हा जोर धरू लागली ती १९९५पासून.

भारतात मौनाचा दिवस ३० जानेवारी. गांधीजींची हत्या संध्याकाळी पाचनंतर झाली, पण मौन सकाळी ११ वाजता पाळलं जातं. कचेऱ्या भरलेल्या असतात म्हणून ही वेळ असावी असं मला वाटतं. सरकारी सूचनेप्रमाणे १०.५९ला भोंगा, ११ ते ११.०२ स्तब्धता, ११.०२ला पुन्हा मिनिटभर भोंगा. म्हणजे दोन मिनिटांच्या शांततेला दोन मिनिटांचा आवाज. मुंबईत रस्त्यावर तो ऐकून ‘हा कसला भोंगा?’ असं विचारणारेच जास्त भेटतात.

एकदा मात्र मुंबईने तो नीट ऐकला. ११ जुलै २००६च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये, पहिल्या वर्गाच्या डब्यांत, अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. दोनशेच्या आसपास माणसं गेली. बरोबर आठवड्याने, १८ जुलैला, पहिल्या स्फोटाच्या वेळेला भोंगे वाजले. राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्यासह देशाने दोन मिनिटं मौन पाळलं. माहीम स्थानकात लोकांनी मेणबत्त्या लावल्या. खटला मात्र रेंगाळत राहिला. २०२५च्या जुलैमध्ये उच्च न्यायालयाने खालच्या कोर्टात दोषी ठरलेल्या बाराही जणांना निर्दोष ठरवलं.

चीनमध्ये वेगळंच घडलं. १२ मे २००८च्या सिच्वान भूकंपात मृत आणि बेपत्ता मिळून सुमारे ८७ हजार माणसं गेली. तिथेही आठवड्याने, दुपारी २.२८ला, देश तीन मिनिटं थांबला. पण शांत राहिला नाही. मोटारी, आगगाड्या, जहाजं सगळ्यांनी कर्णे वाजते ठेवले, हवाई हल्ल्याचे भोंगे कोकलत होते. ते संपल्यावर तिआनमेन चौकातली गर्दी देशाच्या नावाने घोषणा देऊ लागली. तेवढा गोंगाट सरकारला चालला. पुढच्या काही आठवड्यांत, कोसळलेल्या शाळांत मेलेल्या मुलांचे फोटो हातात धरून आईबाप विचारू लागले की शेजारच्या इमारती उभ्या असताना शाळाच का पडली. त्यांना मात्र पोलिसांनी रस्त्यावरून हटवलं.